जुन्या पत्र्याच्या डब्यांचा रंग कसा सावरायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या माझ्या कामाच्या खोलीत चहा-साखरेचे डबे, बिस्किटांचे छापील डबे, वातीचे स्टोव्ह, इनॅमलच्या ताटल्या असं सगळं येत असतं. सोबत प्रश्न येतात, बहुतेक व्हॉट्सॲपवर आणि अंधूक फोटोसकट. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर निदान पहिला आणि तिसरा वाचा, मगच पॉलिश पेपर हातात घ्या.

१. आजीच्या डब्यावरचा रंग हाताने दिलेला आहे, छापलेला आहे की इनॅमल आहे? कसं ओळखू?

मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ न्या आणि फोटो मोठा करून बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, किंवा दोन रंगांच्या कडा एकमेकांवरून किंचित सरकलेल्या दिसल्या, तर तो छापील पत्रा. छपाई डबा वळण्याआधी, पत्रा सपाट असतानाच होते. म्हणून मागच्या बाजूला, जिथे सांधा झाळलेला (सोल्डर केलेला) असतो, तिथे बहुतेकदा न छापलेली उघडी पट्टी सापडते. हाताने रंगवलेल्या डब्यात रंग सांध्यावरूनही गेलेला असतो, ब्रशच्या रेघा असतात आणि बुडाशी एखादा सुकलेला ओघळ हमखास.

इनॅमलचं प्रकरण वेगळं. रंगाच्या दुकानात ‘एनॅमल पेंट’ म्हणून मिळतो तो तेलरंग. इनॅमलच्या ताटलीवर मात्र रंग नसतोच, काच असते. काचेची पूड पोलादी पत्र्यावर पसरून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजलेली. टवका उडाला की कडा काचेसारखी धारदार दिसते आणि खाली काळपट पत्रा. नावांच्या या सारखेपणामुळे लोक ताटलीसाठी तेलरंग विकत आणतात. त्यांच्यासाठी प्रश्न ११ आहे.

२. रंग बराच उडालाय. सरळ खरवडून नवा रंग मारून घेऊ का?

बहुतेक वेळा नको. छापील डबा असेल तर अजिबात नको. ती छपाई पुन्हा करता येत नाही आणि त्या डब्यात जपण्यासारखं जे काही आहे ते तेवढंच आहे. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कलेने पत्र्यावर ऑफसेट छपाईचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर चहा-बिस्किटांचे डबे चित्रांनी भरून गेले. आपल्याकडे डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. पिवळ्यावर हिरवं माडासारखं झाड असलेला त्याचा डबा कितीतरी घरांत तुळस लावून संपला. असा डबा कुणी एकरंगी निळा करून आणला की मी काही बोलत नाही, पण जेवण गोड लागत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक काय करतं ते बघा. ते थोडा गंजलेला मूळ डबा उचलतं, चकचकीत रंगवलेल्याकडे वळूनही बघत नाही.

पूर्ण रंगवणं शोभतं ते वेगळ्या वस्तूंना: आधीच कुणी घरी तेलरंग फासलेले साधे डबे, रोज हाताळायची जाळीची कपाटं, रंगापेक्षा गंजच जास्त उरलेला पत्रा. त्यासाठी प्रश्न ७.

३. जुन्या रंगात शिसं असतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि तपासलं नसेल तर ते आहेच असं धरून चाला. लोखंडावरचं जुनं तांबडं अस्तर बऱ्याचदा शेंदराचं असायचं. शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. जुना पांढरा सफेदा शिशाचा. चकचकीत पिवळा आणि नारिंगी बहुधा लेड क्रोमेटचा, आणि त्या पिवळ्यात निळा मिसळून केलेला हिरवाही त्यातलाच. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे ‘डबा फार जुना नाही’ एवढ्याने सुटका होत नाही.

कोरडं घासू नका, धूळच घातक असते. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि काम झाल्यावर ते ओलं असतानाच गुंडाळून पिशवीत बांधा. हीट गनने किंवा ज्योतीने रंग भाजून काढू नका. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. कामाचे कपडे वेगळे धुवा.

शिसं ओळखायच्या काड्या ऑनलाइन मिळतात. रोडायझोनेटची काडी शिसं असेल तर गुलाबी-लाल होते. पण डबाच लाल असेल तर पंचाईत: काडीवर उतरलेला रंग शिशाचा की डब्याचा हे कळत नाही.

४. डबा काळा-चिकट झालाय. घासायचा कशाने?

स्वयंपाकघरातला तो थर साधा मळ नव्हे. फोडणीचं उडालेलं तेल वर्षानुवर्षं सुकत स्वतःच वार्निश झालेलं असतं. म्हणून जोर लावला की ते निघण्याआधी खालचा रंग निघतो.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि सबुरी एवढंच घ्या. बुडाजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी काडी हलकी फिरवा आणि मग काडीकडे बघा. कापूस पिवळट-तपकिरी झाला तर तो मळ. लाल, हिरवा, निळा झाला तर तो तुमचा रंग, तिथेच थांबा. साबणाने भागत नसेल तर मिनरल टर्पेंटाइन किंवा थोडं रॉकेल, त्याच पद्धतीने, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब. लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. सांध्यात पाणी राहिलं तर आतून गंज धरतो.

थुंकीने पुसणं हा गमतीचा उपाय वाटेल, पण संग्रहालयांत जतनाचं काम करणारे लोकही कापसाला थुंकी लावून नाजूक पृष्ठभाग पुसतात. लाळेतली एन्झाइम्स मळ सोडवतात.

चिंच, लिंबू, पितळेची पावडर, काथ्या, तारेची घासणी, खायचा सोडा यातलं काहीही रंगीत पत्र्याला लावू नका. पितळेच्या तांब्याला जे मानवतं ते इथे मारक आहे.

५. गंज काढल्याशिवाय पुढे जाता येईल का?

सुटा, पोपडे आलेला गंज काढावाच लागतो. पत्र्याला घट्ट चिकटलेला तपकिरी डाग राहिला तर चालतो. छापील डब्यावर मी सुईच्या टोकाने किंवा बांबूच्या काडीने फक्त पोपडे उचलते आणि उघड्या जागेवर टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर अगदी बारीक ब्रशने टेकवते. गंजाचं त्यात काळसर, टिकाऊ संयुग होतं. रंगावर सांडलं तर लगेच टिपा.

उघड्या लोखंडासाठी लिंबूफुलाचं पाणी चांगलं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे टाका, पण रात्रभर विसरू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा. एक लक्षात ठेवा: डब्याचा पत्रा म्हणजे लोखंडावर कथिलाचा अतिशय पातळ थर. पॉलिश पेपरने ‘स्वच्छ’ करताना कथिल गेलं की पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज येणार.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून गंज काढायचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात. ती पद्धत उघड्या लोखंडी वस्तूंसाठी आहे, रंगही त्यात सुटून येतो. आणि दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचा लावू नका, स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

६. टवके उडालेत तेवढेच भरता येतील का?

येतात, आणि माझ्याकडचं सगळ्यात आवडतं काम तेच.

आधी जागा स्वच्छ आणि कोरडी. मग फक्त उघड्या पत्र्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ थर. तो दोन कामं करतो: पत्र्याला हवा लागू देत नाही, आणि उद्या कुणाला माझं काम पुसून काढावंसं वाटलं तर ते मूळ रंगाला धक्का न लावता निघतं. संग्रहालयाचे लोक यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲसिटोनमध्ये विरघळणारं ॲक्रिलिक वापरतात. घरच्या डब्याला साधं ॲक्रिलिक वार्निश पुरतं.

रंग जुळवताना बहुतेक सगळे एक चूक करतात. झाकण उघडून त्याच्या आतल्या कडेखाली बघतात, तिथे ऊन न लागलेला मूळ रंग सापडतो, आणि तोच रंग बनवून बाहेर लावतात. मग ठिगळ लांबून दिसतं. जुळवायचं ते टवक्याच्या शेजारच्या, विटलेल्या रंगाशी. परवा एका चहाच्या डब्यावरचा हिरवा जुळवत होते. ट्यूबमधला हिरवा कितीही फिका केला तरी ओरडतच होता. शेवटी त्यात ठिपकाभर तांबडी माती मिसळली आणि तो गप्प बसला. जुन्या रंगात नेहमी थोडा तपकिरी लपलेला असतो, वरच्या वार्निशचा पिवळेपणा तो.

ॲक्रिलिक सुकल्यावर किंचित गडद होतो, म्हणून नमुना कागदावर सुकवून मग ताडून बघा, तेही दिवसाच्या उजेडात. शून्य नंबरचा ब्रश घ्या. रेघ ओढू नका, ठिपके द्या, आणि टवक्याच्या कडेबाहेर एक केसभरही जाऊ नका. सुकल्यावर वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हलका हात. मेण नसेल तर काही लावू नका. खोबरेल तेल लावून चमक आणायची युक्ती चार दिवसांची, त्यावर धूळ बसून पुन्हा प्रश्न ४.

७. पूर्णच रंगवायचा ठरवलं. क्रम काय?

पोचे आधी काढा, रंगल्यावर ठोकता येत नाही. आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून हलके ठोके. मग जुना रंग पूर्ण काढायची गरज नसते. जो घट्ट आहे त्यावर २२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवला की धार मोडते आणि नवा रंग धरतो. धुवा, उन्हात वाळवा, थिनरच्या फडक्याने एकदा पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा तिथेच रंग सोडवतो.

उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात. खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरून, सुकल्यावर घासून, पुन्हा प्रायमर. मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात नको, तो ओघळतो आणि आत कच्चा राहतो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या आणि ६०० नंबरने हलकं पुसून घ्या. सिंथेटिक एनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही, पण नख रुतणार नाही इतका कडक व्हायला आठवडा तरी जातो. त्याआधी डबे एकमेकांवर रचले तर ते पुन्हा वेगळे होत नाहीत.

८. रंग कुठला घेऊ? ड्युको, स्प्रे, की पावडर कोटिंग करून आणू?

हाताने काम करणार असाल तर सिंथेटिक एनॅमल. स्प्रेचा डबा सोपा, फक्त अंतर एक वीतभर ठेवा आणि हात चालता ठेवा. ड्युको, म्हणजे गाड्यांना मारतात तो थिनरचा रंग, लवकर सुकतो आणि पॉलिश सुंदर येतं, पण जुन्या तेलरंगावर मारला तर त्यातला थिनर खालचा रंग सुरकुतवतो.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड पत्र्यावर उडवून भट्टीत भाजणं. त्याचा किस्सा माझाच. सुरुवातीच्या काळात चार डब्यांचा एक संच मी भट्टीला पाठवला. परत आले तेव्हा दोन डब्यांची बुडं वेगळी. चूक कोटिंगवाल्याची नव्हती, मी त्याला सांगितलंच नव्हतं की सांधे झाळलेले आहेत. ही भट्टी १८०-२०० अंशांची असते आणि नेहमीचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं. दुमडून ठोकलेले किंवा वेल्डिंगचे सांधे असतील तरच पावडर कोटिंगला पाठवा.

९. डब्याला आतूनही रंग दिला तर गंज थांबेल ना?

आतून नको. दुकानातले हे रंग अन्नाला टेकण्यासाठी बनवलेले नसतात, मग डब्यावर ‘लेड-फ्री’ लिहिलेलं असो वा नसो. आत गंज असेल तर काढा, कोरडं ठेवा आणि डाळ-तांदूळ आत काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात घालून ठेवा. बाहेरून जुना डबा, आतून नवा.

‘मग कल्हई करून घेऊ का?’ असाही प्रश्न येतो. कल्हई तांब्या-पितळेच्या भांड्यांना, तापवून, नवसागर टाकून, कथिल फिरवून करतात. रंगीत डबा तेवढा तापवला तर बाहेरचा रंग जळेल आणि झाळलेले सांधे सुटतील.

१०. वरचा तेलरंग काढला तर खाली मूळ छपाई सापडेल का?

कधी कधी सापडते, आणि तो दिवस चांगला जातो. छपाईची शाई आणि तिच्यावरचं वार्निश भट्टीत भाजलेलं असतं, वरचा तेलरंग हवेत सुकलेला. त्यामुळे वरचा आधी मऊ पडतो. बुडाजवळ नखाएवढी खिडकी निवडा. आधी टर्पेंटाइन, मग स्पिरिट, अगदी शेवटी ॲसिटोन, प्रत्येक वेळी कापसाची काडी आणि काही सेकंद. काडीला खालच्या चित्राचा रंग लागला की काम बंद.

एकदा मी अशीच खिडकी यशस्वी झाली म्हणून उरलेला डबा थिनरच्या फडक्याने एका दमात पुसला. पार्श्वभूमी भाजलेली होती, पण मधलं फुलांचं चित्र वरून चिकटवलेलं ट्रान्सफर होतं. गुलाब फडक्यावर आले. तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात ब्रश ठेवते.

११. इनॅमलच्या ताटलीचा टवका उडालाय. दुरुस्ती होते का?

खरी दुरुस्ती म्हणजे पुन्हा काच भाजणं. ते घरी होत नाही, आणि जुनं भांडं भट्टीत घातलं तर उरलेलंही तडकू शकतं. बाहेरच्या बाजूचा टवका इपॉक्सीने भरून वर रंग देता येतो, तेवढं शोभेपुरतं. अन्नाला लागणाऱ्या बाजूला टवका असेल तर ताटली भिंतीवर लावा: काचेचे बारीक कण सुटतात, पत्रा गंजतो, आणि जुन्या रंगीत इनॅमलमध्ये शिसं-कॅडमियमसारखे धातू असू शकतात.

१२. जस्ताच्या पत्र्याच्या बादलीवरचा रंग दरवर्षी सालीसारखा निघतो. माझं काय चुकतंय?

तुमचं नाही, तेलरंगाचं. त्यातलं तेल जस्ताशी मिळून चक्क साबण बनवतं आणि रंग त्या निसरड्या थरावर तरंगत राहतो. सगळा सैल रंग काढा, साबणाने धुवा, हलकं घासा आणि जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा, मारून मग रंग द्या. किंवा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वापरा. रेड ऑक्साइड इथे कामाचा नाही.

१३. जर्मनच्या भांड्यांना आणि ते रंगीत पेले असायचे त्यांनाही हेच लागू का?

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी कॉस्टिक सोड्यात कधीच बुडवू नका. रंग निघेल, पण सोडा भांडंही खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. कॉस्टिक कथिल आणि जस्तालाही सोडत नाही.

लाल-निळे-सोनेरी चमकणारे पेले रंगवलेले नसतात. ते ॲनोडाइझ केलेले: ॲल्युमिनियमवर सच्छिद्र थर वाढवून त्यात रंग मुरवलेला आणि मग ती छिद्रं बंद केलेली. विटले तर ठिगळ लावता येत नाही. असेच वापरा, घासणीपासून जपा.

१४. वातीचा स्टोव्ह रंगवला, पण पहिल्याच दिवशी रंग पिवळा पडून वास सुटला.

चुलीजवळच्या भागाला साधा एनॅमल चालत नाही, तिथे उष्णतारोधक सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग लागतो. टाकी आणि पायांना साधा चालेल, मात्र तो पूर्ण कडक होईपर्यंत रॉकेल भरू नका. सांडलेलं रॉकेल कच्चा रंग मऊ करतं. टाकीला भोक असेल तर घरी झाळायच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या, धुतलेल्या टाकीतही वाफ राहते.

१५. पावसाळ्यात काम केलं तर चालेल?

पुण्यात एखादा उघडा दिवस बघून जमतं. कोकणात जून ते सप्टेंबर ब्रश धुऊन ठेवावा हे बरं. ड्युको किंवा स्प्रे मारताना थिनर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. नुकताच झालेला असेल तर कोरड्या दिवशी पुन्हा थिनरची हलकी फवारणी केल्यावर बऱ्याचदा जातो. पत्रा हाताला गार-दमट लागत असेल तर त्या दिवशी रंग नाही, एवढा साधा नियम मी पाळते.

१६. डब्यावर आजोबांच्या हाताने ‘साखर’ लिहिलंय, पण ते वाकडं आहे. नीट लिहून देता का?

नाही. आजूबाजूचे टवके भरून देते.

१७. रंगवल्यावर झाकणच बसत नाही. आता?

झाकण जिथे डब्यावर सरकतं तिथे दोन्ही बाजूंना प्रायमर आणि दोन हात मिळून जाडी वाढली आहे. त्या पट्टीवरचा रंग ४०० नंबरने पूर्ण काढा, झाकणाच्या आतलाही, आणि उघड्या पत्र्याला मेणाचा हात द्या. पुढच्या वेळी रंगवण्याआधी झाकण बसवून पेन्सिलीने त्याच्या कडेची खूण करा आणि खुणेच्या वर मास्किंग टेप लावा. झाकण अडकून बसलं असेल तर जोराने ओढू नका, रंग सालीसकट येतो. हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि फिरवत फिरवत उचला. रंग जुना असेल आणि शिशाची शंका असेल तर ड्रायरही नको, कडेतून टर्पेंटाइनचे चार थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा.